रेडिएटरच्या पाण्यात इंजिन ऑइल: हेड उघडायचं की ऑइल कूलर?

दहाचाकी_पनवेल

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी दहाचाकी, इंजिन कमिन्स बी सिरीज ५.९ लिटर, सहा सिलिंडर, टर्बो, यांत्रिक डिझेल पंप, बीएस ३. रूट तळोजा, भिवंडी, नाशिक.

कूलंटच्या टाकीत चॉकलेटी रंगाचा जाड थर धरलाय, बोट घातलं तर चिकटून वर येतो. गाडी चालली की टाकीतली पातळी वाढते आणि झाकणातून बाहेर येतं. त्याच वेळी इंजिन ऑइल घटतंय, दोनेक लिटर वरून टाकून झालं. गेजच्या काडीवर ऑइल मात्र नेहमीसारखं काळं, दुधाळपणा अजिबात नाही. सायलेन्सरला पांढरा धूर नाही, पिकअप ठीक. सपाटीला काटा जागेवर असतो, कसारा चढताना लालच्या जवळ जातो. रेडिएटरचा वरचा होज फुगून मऊ पडलाय. उन्हाळ्यापासून आत टँकरचं पाणी आहे, कूलंट नाही.

एक मिस्त्री म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि ब्लॉक यांच्यामधला सील) गेलं, हेड उतरवून फेस मारू, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करू. दुसरा म्हणतो आधी रॉकेल टाकून धू, मग बघू. हेड न उघडता नक्की काय ते कळतं का? आणि तोवर जवळची भाडी मारली तर चालेल का?

---

कळंबोली_फिटर

आधी भाड्याचं. गाडी उभी करा, जवळचं भाडंही नको. कारण खाली येईलच.

तुम्ही दिलेल्या लक्षणांत सगळ्यात कामाची दोन आहेत: टाकीतली पातळी वाढते आणि ऑइल दुधाळ नाही. म्हणजे ऑइल पाण्यात जातंय, पाणी ऑइलमध्ये येत नाहीये. ज्याचा दाब जास्त ते दुसऱ्यात घुसणार, एवढं साधं आहे. या इंजिनात ऑइलचा दाब आयडलला किमान ०.७ बार आणि पूर्ण आरपीएमला किमान २ बार असावा लागतो, रेग्युलेटर साधारण साडेचार बारला उघडतो. रेडिएटरची कॅप एक बारच्या आसपासची. म्हणून इंजिन चालू असताना जिथे दाबाचं ऑइल आणि पाणी यांच्यामध्ये पातळ भिंत आहे, तिथूनच ऑइल पलीकडे जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब लगेच शून्यावर येतो, पण गरम पाणी बराच वेळ दाब धरून असतं. भोक मोठं झालं की त्या वेळात पाणी उलट्या वाटेने ऑइलच्या गॅलरीत, म्हणजे आतल्या ऑइलवाटांत उतरतं, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला बेरिंगला ऑइलऐवजी पाणी पोहोचतं. आज हे काम कूलर आणि धुलाईवर भागेल. तेव्हा क्रँक उतरवावी लागेल.

आता या इंजिनात संशयित कोण कोण? टर्बो फक्त ऑइलवर थंड होतो, त्याला पाण्याची लाइन नाही. गिअरबॉक्स मॅन्युअल, त्याचा कूलर रेडिएटरमध्ये नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल वेगळ्या वाटेने फिरतं. बी सिरीजला ओले लायनर नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो, त्यामुळे लायनरच्या ओ-रिंगची गोष्टच निकालात. उरतात तीन: ऑइल कूलर, हेड गॅस्केट, हेड किंवा ब्लॉकला क्रॅक. रॉकरकडे (हेडवरचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांकडे) जाणारं दाबाचं ऑइल हेड गॅस्केटमधूनच वर जातं, म्हणून गॅस्केट पूर्ण निर्दोष आहे असं म्हणता येत नाही. पण कूलंट न घालता टँकरच्या पाण्यावर चाललेली गाडी, धूर नाही, पिकअप ठीक, ऑइल स्वच्छ: माझ्या मते पहिला हात कूलरला. तो ब्लॉकच्या बाजूला, ऑइल फिल्टरच्या हेडमागच्या कव्हरखाली बसतो. पातळ पट्ट्यांचा गठ्ठा, आतून ऑइल, बाहेरून पाणी. हेड न हलवता अर्ध्या दिवसात हातात येतो.

उघडण्याआधी गाडीवरच एक टेस्ट करा:

१. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी स्टार्ट न करता चेंबरचा (इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड, असेल तर तेच आधी येईल. स्वच्छ बाटलीत धरा.

२. सगळं ऑइल काढा, ऑइल फिल्टरही काढा. आता रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावून एक बारपर्यंत पंप मारा आणि अर्धा तास सोडा.

३. फिल्टर हेडच्या भोकांतून पाणी टिपकलं तर कूलर फुटलाय. तिथे कोरडं आणि चेंबरच्या बोल्टमधून थेंब येत असतील तर हेड गॅस्केट किंवा क्रॅककडे बोट जातं.

कुठेच थेंब आला नाही, तरी कूलर सुटला असं समजू नका. थंड इंजिनात एक बारला जी चीर बंद राहते ती गरम ऑइलच्या चार बारला उघडते. अशा वेळी कूलर उतरवून बाहेर टेस्ट करायचा: एक तोंड रबर आणि पट्टी लावून बंद, दुसऱ्या तोंडातून रेग्युलेटर लावून साधारण ४.८ बार हवा, आणि गठ्ठा ८० अंशांच्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. गार पाण्यात केलेल्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. आणि गॅरेजची थेट लाइन लावू नका, आठ-दहा बारला चांगला कूलरही फुगतो.

---

वडाळा_एअरब्रेक

वरच्या तीन संशयितांत चौथा घाला: एअर कॉम्प्रेसर. त्याचं हेड इंजिनच्या पाण्यावरच थंड होतं. त्याच्या हेडला क्रॅक गेली किंवा गॅस्केट फुटलं तर ब्रेकची हवा, सोबत तेलाची वाफ, सरळ पाण्यात. टाकीत बुडबुडे येतात, कॅपमधून पाणी उडतं, आणि सगळे हेड गॅस्केट म्हणून बसतात.

ओळखायला हत्यार लागत नाही. हवेच्या टाक्या रिकाम्या करा, इंजिन चालू करून कूलंटच्या टाकीत बघत राहा. साधारण आठ बारला अनलोडर (टाक्या भरल्या की जास्तीची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) सुटतो, सूं असा आवाज येतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले आणि ब्रेक दाबून दाब खाली आणल्यावर पुन्हा सुरू झाले, तर कॉम्प्रेसर. हवेच्या दाबाशी काही देणंघेणं नसेल तर पुढे हेडचा विचार.

पण कॉम्प्रेसरमधून येणारं ऑइल थोडं असतं. दोन लिटर घटलंय आणि इतका जाड थर आहे म्हणता, म्हणजे मलाही कूलरच वाटतो. ही टेस्ट फुकट आहे म्हणून करून टाका, एवढंच.

---

चेंबूर_डिझेल

कूलरला नाव ठेवून हेड विसरू नका. कसाऱ्यात काटा लालच्या जवळ गेलाय म्हणता. बी सिरीजचं हेड सहाही सिलिंडरांना मिळून एकच, लांबलचक कास्टिंग. एकदा नीट तापलं की वाकायला वेळ लागत नाही. शिवाय ऑइलचा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसला की उष्णता बाहेर जात नाही, म्हणजे कूलरच्या भोकामुळे हेड तापतं. मूळ रोग कूलर असला तरी हेडवर परिणाम झालाय का ते बघायलाच हवं.

हेड न उघडता बघायचं असेल तर: अनलोडर सुटेपर्यंत हवेच्या टाक्या भरून घ्या, म्हणजे कॉम्प्रेसर गोंधळ घालणार नाही. इंजिन थंड होऊ द्या. फॅनबेल्ट काढा, त्यामुळे वॉटर पंप थांबतो. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून त्याच्या तोंडापर्यंत पाणी भरा. इंजिन चालू करून अर्धा मिनिट, जास्तीत जास्त एक मिनिट, दोन-तीनदा रेस द्या. पाण्यात सतत बुडबुड्यांची माळ आली तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय. सुरुवातीला एक-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते सोडून द्या. मिनिटाच्या वर चालवू नका, पाणी फिरत नसतं.

निळ्या लिक्विडची गॅस टेस्टही मिळते, पण डिझेलला ती आयडलवर फसवते. डिझेल इंजिन जास्तीची हवा ओढतं, त्यामुळे आयडलला एक्झॉस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड कमीच असतो आणि रंग बदलत नाही. लोड देऊन आणल्यावर लगेच करा. रंग पूर्ण पिवळा व्हायची वाट बघू नका, हिरवट झाला तरी दोष आहे. आणि टाकीतली ऑइलची साय आधी काढा, नळीत ऑइल गेलं की लिक्विड वाया.

हेड उतरवायचीच वेळ आली तर तीन गोष्टींवर अडून बसा: हेड गरम पाण्यात प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय फेस मारायचा नाही, फेस मारलाच तर त्या मापाचं जाड गॅस्केट घ्यायचं, आणि बोल्टची लांबी गेजने मोजूनच परत वापरायचे. शेवटचा टप्पा ९० अंश फिरवण्याचा असतो, तो अंदाजाने लांब पान्यावर लोंबकळून करायचा नाही. पण बुडबुडे नसतील तर कळंबोलीवाले म्हणतात तेच खरं. कूलर फुटलेला असताना हेड उतरवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

---

घाटकोपर_लॅब

एक बारीक सूचना. टाकीतलं जे दिसतंय ते ऑइलच आहे याची खात्री करून घ्या. बऱ्याच जुन्या गाड्यांत गंज नको म्हणून लेथवर वापरतात ते सोल्युबल ऑइल रेडिएटरमध्ये ओततात, त्याने पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि लोक घाबरतात. दोन वेगळ्या जातीची कूलंटं एकत्र झाली तरी कधीकधी घट्ट जेल बनतं.

फरक कळायला ब्लॉटिंग पेपरवर किंवा साध्या कागदावर एक थेंब टाकून वाळू द्या. पाणी उडून गेल्यावर तेलकट, आरपार दिसणारा डाग राहिला तर ऑइल. रंग काळा-तपकिरी असेल तर डिझेल इंजिनचंच. डिझेलचा वास आला तर तपास वेगळा.

ऑइलमध्ये पाणी आहे का हे बघायलाही घरगुती टेस्ट आहे: लोखंडी तवा साधारण १५० अंशांपर्यंत तापवा, चष्मा लावा, ऑइलचा एक थेंब टाका. नुसतं पसरलं तर ठीक, तडतडलं तर पाणी. अगदी थोडं पाणी असलं, गेजच्या काडीवर काही दिसत नसलं, तरी तडतडतं. ड्रेन बोल्टमधून पहिल्यांदा आलेला नमुना त्यासाठी वापरा.

---

दहाचाकी_पनवेल

सगळ्यांचे आभार. रिझल्ट:

ड्रेन बोल्टमधून पाणी नाही, तव्यावर तडतड नाही. कॉम्प्रेसर टेस्टमध्ये बुडबुडे नाहीत. बेल्ट काढून केलेल्या टेस्टमध्येही माळ नाही. प्रेशर टेस्टरवर अर्ध्या तासात काटा किंचित उतरला, फिल्टर हेडमधून अधूनमधून थेंब. कूलर उतरवला, गरम पाण्यात एका पट्टीच्या कडेने बारीक बुडबुड्यांची ओळ स्पष्ट दिसली. गार पाण्यात त्याच दाबाला काहीच नव्हतं.

नवा कूलर आणि गॅस्केट सेट आणलाय. बसवताना काय सांभाळायचं? धुवायचं कसं? मिस्त्री अजून रॉकेलवर ठाम आहे.

---

कळंबोली_फिटर

छान, हेड वाचलं.

बसवण्यापूर्वी ब्लॉकमधला तो खड्डा बघा, जिथे कूलर बसतो. टँकरच्या पाण्याचा चुना, गंज आणि ऑइलचा लगदा तिथे हमखास साचलेला असतो. हाताने, लाकडी पट्टीने, मग पाण्याने साफ करा. ऑइलची भोकं आधी कापडाने बंद करा, जुन्या गॅस्केटचा एक तुकडा आत गेला तर तो बेरिंगपर्यंत जातो.

नव्या कूलरच्या तोंडात वाहतुकीसाठी लावलेले प्लग असतात. ते काढा. हसू नका, हे प्लग तसेच ठेवून गाडी फिट करणारे आहेत, आणि मग ऑइल प्रेशर का येत नाही म्हणून पंप बदलत बसतात. गॅस्केट दोन आहेत: एक कूलर आणि कव्हरमध्ये, दुसरं कव्हर आणि ब्लॉकमध्ये. दोन्ही नवीन. वर सिलिकॉन पेस्ट फासू नका, आत दाबलेली पेस्ट सुटून बारीक ऑइलवाटांत अडकते. बोल्ट सगळे हाताने लागल्यावर मधून बाहेरच्या दिशेने, २४ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर मागून आणा. हातच्या अंदाजाने एखादा बोल्ट जास्त आवळला की कव्हर वाकतं आणि दुसऱ्या टोकाला गळती सुरू.

कव्हर हातात असतानाच प्रेशर रेग्युलेटरचा प्लंजर काढून बघा. तो स्वतःच्या वजनाने बोअरमध्ये सरकला पाहिजे. अडकत असेल तर थंड स्टार्टला ऑइलचा दाब फार वर जातो आणि नवा कूलरही लवकर सुजतो. तुमच्या केसमध्ये मूळ दोषी पाणीच वाटतं, पण प्लंजर न बघता कव्हर बंद करणं बरोबर नाही.

फिल्टर नवा, स्वच्छ ऑइलने भरूनच लावा. ऑइलही सगळं नवीन, चेंबरच्या मापाप्रमाणे १४ ते १६ लिटर, शेवटचं काडी बघून. जुनं तव्यावर तडतडलं नसलं तरी धुलाई संपेपर्यंत त्याच्यावर विसंबू नये. स्टॉपची केबल ओढून धरून सेल्फ मारा, एका वेळी ३० सेकंदांच्या आत, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, काटा हलेपर्यंत. मग स्टार्ट. १५ सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर बंद करून कारण शोधा.

---

भिवंडी_रेडिएटर

धुलाईचं मी सांगतो. दुरुस्तीपेक्षा हेच काम मोठं आहे, आणि इथेच घाई होते.

रॉकेल, डिझेल, पेट्रोल: तिन्ही नको. कूलंटचे होज ज्या रबराचे असतात त्याला खनिज तेलाचं वावडं आहे, ते फुगतं आणि मऊ होतं. तुमचा वरचा होज त्यामुळेच तसा झालाय. ऑइलने अर्धवट खाल्लेलं काम रॉकेल पूर्ण करतं, वर वॉटर पंपाचा सील आणि थर्मोस्टॅटचं रबर घेऊन जातं. शिवाय आतल्या कोपऱ्यात उरलेलं रॉकेल गरम इंजिनमध्ये काय करेल हे वेगळं सांगायला नको. कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचं हिरवं लिक्विडही नको, फेसाने पंप हवा पकडतो आणि रिकामं झालेलं हेड तापतं. कॉस्टिक सोडा लोखंडाला चालतो पण ॲल्युमिनियम खातो, तुमचा रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर संपला.

हवी ती फेस न करणारी गोष्ट. कूलिंग सिस्टिमसाठी बनवलेला क्षारधर्मी क्लीनर सर्वात चांगला. फ्लीटगार्डचं रिस्टोअर त्यातलंच, प्रमाण साधारण दहा लिटरला एक लिटर, ८५ अंशांवर तास ते दीड तास चालवायचं. त्याच नावाच्या पुढे प्लस असलेलं घेऊ नका, ते आम्लधर्मी आहे, गंजासाठी, तेलावर काम करत नाही. मिळालं नाही तर भांडी धुण्याच्या मशीनची पावडर, दोन टक्के, म्हणजे २५ लिटरला अर्धा किलो. बादलीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच ओता, गोळे राहिले की नळ्यांत बसतात. ही पावडर अर्ध्या तासापेक्षा जास्त चालवू नका.

क्रम असा ठेवा:

आधी टाकीतली आणि रेडिएटरच्या तोंडातली साय नळीने ओढून किंवा पळीने काढून घ्या. तशीच खाली सोडली तर सगळा लगदा नळ्यांतून जाणार. मग रेडिएटरचा कॉक, ब्लॉकचा प्लग आणि कॉम्प्रेसरचे पाण्याचे होज सोडून सगळं रिकामं करा आणि किती लिटर निघालं ते मोजा. पुढची सगळी प्रमाणं त्यावर.

रेडिएटर उतरवून वेगळा धुवा. तांब्या-पितळेचा असेल तर वरची-खालची टाकी डाग काढून उघडता येते, नळ्यांत पट्टी फिरवता येते. ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असते, तिथे पट्टी चालत नाही, फक्त क्लीनर आणि उलटा प्रवाह: खालून पाणी, वरून बाहेर, दीड बारच्या आत. प्रेशर वॉशरची बंदूक तोंडात घालू नका.

इंजिनला जुने होज आणि जुना थर्मोस्टॅट लावूनच धुवा. नव्या वस्तू घाण पाण्यात भिजवण्यात अर्थ नाही. क्लीनर आणि पाणी भरा, रेडिएटरपुढे पुठ्ठा लावा, म्हणजे मुंबईच्या हवेत उभ्या गाडीलाही ८५ अंश येतात. हा थर्मोस्टॅट ८३ अंशांना उघडायला लागतो आणि ९५ ला पूर्ण उघडतो. तो उघडल्यानंतरच धुण्याची वेळ मोजायची, आधीची मिनिटं फक्त ब्लॉकमधली. आरपीएम हजार-बाराशे ठेवा आणि वरचा होज हाताला गरम लागतोय ना ते बघत राहा.

नंतर बंद करून काटा ५०-६० अंशांपर्यंत उतरला की सोडा. पूर्ण गार होऊ दिलं तर सुटलेलं ऑइल पुन्हा भिंतींना चिकटतं. उकळत्यावर झाकण उघडू नका, आणि गरम ब्लॉकमध्ये गार पाणीही ओतू नका, चांगलं हेड तडकवायचा तो सोपा मार्ग आहे.

क्लीनरची एक फेरी, साध्या पाण्याची एक, पुन्हा क्लीनर. इतका थर असेल तर क्लीनर दोनदा-तीनदा लागतोच. बाहेर येणारं पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. वर तेलाचं कडं येत नाही आणि पीएच पट्टी सातच्या जवळ दाखवते, तिथे थांबा. पट्टी नऊ-दहा दाखवत असेल तर क्लीनर आत उरलाय, तो नव्या कूलंटमधली गंजरोधकं खातो.

आणि हे सगळं पाणी गटारात सोडू नका. तेलकट पाणी ड्रममध्ये भरा, वरचं ऑइल वेगळं करून वापरलेल्या ऑइलसोबत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरला द्या. जुनं कूलंट उघड्यावर ठेवू नका, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, गॅरेजची कुत्री चाटतात आणि मरतात.

---

चेंबूर_डिझेल

होजबद्दल कंजुषी नको. वरचा, खालचा, बायपासचा, टाकीचा आणि कॉम्प्रेसरचे दोन्ही, सगळे बदला. तेल प्यायलेला होज धुऊन परत कडक होत नाही, आणि तो पुढचे कित्येक दिवस थोडं थोडं तेल सोडत राहतो. सिलिकॉनचे महाग होज असतील तरी तोच नियम, तेल त्यांनाही चालत नाही. कॅपचं रबर, थर्मोस्टॅट आणि त्याचा सील नवीन. थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात थर्मामीटर लावून उघडतोय का बघा, नवाही अडकलेला निघतो. वॉटर पंप लगेच बदलायची गरज नाही, पण खालच्या बारीक भोकाखाली पुठ्ठा ठेवून बघा, ओल दिसली तर सील गेला.

कूलंट: आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ लिहिलेलं, हेवी ड्यूटी डिझेलसाठीचं. इथे बर्फ पडत नाही म्हणून पाणी चालतं, हा समज तुमचा कूलर घेऊन गेला. कूलंट गंज थांबवायला घालायचं असतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं-निम्मं, आणि पाणी डिमिनरलाइज्ड. पालिकेचं तलावाचं पाणी वसई-भिवंडीकडच्या बोअरवेलच्या पाण्यापेक्षा कितीतरी मऊ असतं, अडीअडचणीला वरून टाकायला ठीक, पण पहिल्या भरणीला नको. हिरवं-लाल जे घ्याल ते एकच घ्या, रंगावरून जात ठरत नाही, डब्यावरचं वाचा.

भरताना हळू. भरून दोन-तीन मिनिटं थांबा, हवा वर येऊ द्या, पुन्हा भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन गरम करा, पातळी बसली की झाकण लावा, आणि थंड झाल्यावर पुन्हा बघा.

---

दहाचाकी_पनवेल

कूलर बसवला, क्लीनरच्या तीन फेऱ्या, होज-थर्मोस्टॅट-कॅप नवे, कूलंट निम्मं-निम्मं. प्रेशर टेस्टरवर अर्धा तास काटा हलला नाही. पण पहिल्या लोडनंतर टाकीत पुन्हा पातळ इंद्रधनुषी तवंग दिसतोय. परत गळती?

---

कळंबोली_फिटर

बहुतेक नाही. ब्लॉकच्या जॅकेटमध्ये (पाण्याच्या पोकळीत), टाकीच्या वरच्या कोपऱ्यात उरलेलं तेल गरम होऊन वर येतंय. रंग बघा: पातळ, रंगीबेरंगी, हलवलं की फुटणारा तवंग म्हणजे उरलेलं. नव्याने काळे थेंब किंवा चॉकलेटी रेषा दिसली तर नवीन गळती.

अंदाजावर ठेवू नका, मोजा. थंड इंजिनला टाकीच्या बाहेर पातळीवर टेप लावा, ऑइलच्या काडीची पातळी लिहून ठेवा. टाकीतला तवंग घरगुती टिश्यूने किंवा तेल शोषणाऱ्या पॅडने पूर्ण टिपून काढा. पॅड टाकीत सोडून ठेवू नका, सुटला तर कॉकमध्ये अडकेल. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा तेच. तवंग आधीपेक्षा कमी आणि दोन्ही पातळ्या जागेवर, तर पुन्हा टिपा आणि २,००० ला शेवटचं बघा. टाकीची पातळी वर आणि काडीची खाली, हे जोडीने झालं तरच कव्हर परत उघडायचं, आणि तेव्हा कूलरच्या आधी गॅस्केट नीट बसलंय का आणि कव्हर वाकलंय का ते सरळ पट्टी लावून बघा.

तवंग कमी होत नसेल पण पातळ्या हलत नसतील, तर कूलंट काढून क्लीनरची आणखी एक फेरी, या वेळी रेडिएटर पुन्हा उतरवून. काढलेलं कूलंट स्वच्छ डब्यात स्थिर ठेवलं की तेल वर येतं, पण ते परत भरू नका, तेलात मिसळलेली गंजरोधकं कामाची राहत नाहीत.

पहिल्या लोडनंतर होजच्या क्लिपा थंड इंजिनला एकदा आवळा, नवं रबर बसतं आणि सैल होतं. आणि कसाऱ्याला पहिल्यांदा जाल तेव्हा इगतपुरीकडे तोंड करून चढायच्या आधी, घाटाच्या खालीच थांबून काटा बघा. चढाच्या पायथ्यालाच तो नेहमीपेक्षा वर असेल तर रेडिएटरच्या नळ्या अजून मोकळ्या झालेल्या नाहीत. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर गरम इंजिनवर रेडिएटरच्या जाळीवर आडवा-उभा फिरवा. मध्येच एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा बराच गार लागला तर तिथे लगदा बसलाय, भिवंडीवाल्यांकडे परत.